चाके तळोज्याला, गाडी घरी

पनवेलमध्ये गाडीचे इंजिन म्हातारे होण्याआधी चाके म्हातारी दिसू लागतात. खाडीवरून येणारी खारट, दमट हवा, जूनपासून चार महिने झोडपणारा कोकणातला पाऊस आणि कळंबोली-पळस्पे पट्ट्यात ट्रेलरांनी उडवलेला चिखल या तिघांपुढे रिमचा रंग फार दिवस टिकत नाही. लोखंडी रिमला प्लास्टिकच्या व्हीलकॅपच्या आड गंज धरतो. अलॉयच्या लॅकरखाली ओलावा शिरून पांढरट फोड येतात आणि सोसायटीच्या अरुंद रॅम्पवर कठड्याला घासून कड खरवडली जाते ती वेगळीच. पाऊस सरला, दिवाळीची साफसफाई निघाली की मग एमएच-४६ पाटीच्या अनेक गाड्यांचे मालक रिम रंगवून घ्यायचे मनावर घेतात. सोयही हाताशी आहे. तळोजा एमआयडीसीत पावडर कोटिंगची कामे होतात आणि तिथवर रिम नेणे अर्ध्या-पाऊण तासाचे काम.

अडचण वेगळीच आहे. रिम सकाळी दिली आणि संध्याकाळी मिळाली असे सहसा होत नाही. टायर उतरवायचा, जुना रंग वाळूच्या किंवा बारीक खड्यांच्या माऱ्याने काढायचा, धुवायचे, पावडर फवारून भट्टीत भाजायचे, निवल्यावर पुन्हा टायर चढवून बॅलन्सिंग करायचे, यात दोन-तीन दिवस सहज जातात. या दोन-तीन दिवसांत गाडी कशावर उभी राहणार?

गाडी उचलण्याचा धोका अर्ध्या तासाचा असतो आणि त्या वेळी आपण सावध असतो. गाडी उचललेली ठेवण्याचा धोका मात्र तीन दिवसांचा असतो आणि त्यातला बहुतेक वेळ आपण तिथे नसतो. पार्किंगमध्ये मुले क्रिकेट खेळतात, चेंडू गाडीखाली जातो, गाड्या धुणारा पहाटे येऊन बॉनेटवर रेलतो, शेजारी आपली गाडी काढताना बंपर टेकवतो. म्हणून या कामात स्वतःला विचारायचा प्रश्न एवढाच, की मी नसताना कुणी धक्का दिला तर ही गाडी जागची हलेल का? पुढचा प्रत्येक निर्णय या प्रश्नावरून घ्यायचा.

जॅकचे काम कुठे संपते

गाडीबरोबर येतो तो कात्रीसारखा उघडणारा जॅक. पंक्चर झाले तर स्टेपनी लावेपर्यंतची दहा-पंधरा मिनिटे सांभाळणे, एवढ्यासाठीच तो दिलेला असतो. त्याचा तळ तळहाताएवढा, वरचे टोक त्याहून लहान. सरळ वजन तो पेलतो, पण आडवा धक्का त्याला सोसत नाही. गाडी चार बोटे पुढे सरकली तरी तो कलंडतो.

गॅरेजमधला हायड्रॉलिक ट्रॉली जॅक दणकट असतो, पण तोही फक्त उचलण्यापुरताच. त्याच्यात वजन पेलणारे असते तेल आणि ते तेल अडवून धरते रबरी सील. सील जुनी झाली किंवा झडपेत कचरा अडकला की तेल हळूहळू झिरपते आणि जॅक कुणाच्या लक्षात न येता रात्रीतून खाली बसतो. त्यामुळे जॅकने उचलायचे, स्टँडवर टेकवायचे आणि जॅक मोकळा करायचा, हा क्रम मोडायचा नाही.

चार, दोन की एकही नाही

चारही रिम एकदम दिल्या की कोटिंगवाल्याकडे एकच फेरी होते आणि रंगाची छटाही सारखी येते. आमिष मोठे आहे, पण त्याची किंमत कळण्यासाठी उभी गाडी नेमकी कशामुळे जागेवर राहते ते पाहायला हवे.

आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक आणि लहान सेडानमध्ये इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना मिळतो आणि हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो. म्हणजे पुढची जोडी गिअरच्या ताब्यात आणि मागची हँडब्रेकच्या. पुढची दोन्ही चाके उचलली तर मागची दोन जमिनीवर असतात आणि हँडब्रेक त्यांना पकडून ठेवतो. मागची दोन्ही उचलली तर हँडब्रेक निकामी होतो, कारण त्याने पकडलेली चाके हवेत असतात. मात्र गाडी पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमध्ये असेल तर पुढची दोन्ही चाके इंजिनाने अडवलेली राहतात. दोन्ही वेळा कोणीतरी पहाऱ्यावर आहे. चारही उचलली की दोन्ही पहारेकरी एकदम रजेवर जातात आणि उरतात फक्त स्टँड.

एकच पुढचे चाक उचलल्यावर मात्र एक फसवी गोष्ट घडते. ‘गाडी गिअरमध्ये आहे, जाते कुठे?’ असे वाटते आणि घात होतो. पुढच्या दोन चाकांमध्ये डिफरन्शियल असते. वळणावर आतले चाक कमी आणि बाहेरचे जास्त फिरू शकावे म्हणून ते बसवलेले असते. त्याचा मधला भाग गिअरने अडवला तरी एक चाक पुढे आणि दुसरे तेवढेच मागे फिरू शकते. पुढची दोन्ही चाके उचलून, गिअर टाकून डावे चाक हाताने फिरवले तर उजवे उलटे फिरताना दिसते. आता एकच चाक हवेत आहे असे समजा. जमिनीवरचे चाक पुढे घरंगळू लागले तर हवेतले चाक उलटे फिरून त्याला वाट करून देते, आणि गिअर काही करू शकत नाही. ऑटोमॅटिक गाडीतल्या ‘पी’चीही हीच गत, कारण त्याची खिट्टीही डिफरन्शियलच्या अलीकडे, गिअरबॉक्समध्ये असते. म्हणून एक पुढचे चाक वर असताना सगळी भिस्त हँडब्रेकवर आणि मागच्या चाकांना लावलेल्या पाचरींवर असते.

बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा क्रिस्टा यांसारख्या मागून जोर घेणाऱ्या गाड्यांचा हिशेब आणखी कडक. त्यांच्यात गिअर आणि हँडब्रेक दोन्ही मागच्याच चाकांवर चालतात. मागची जोडी उचलली की पुढची चाके मोकळी सुटतात आणि त्यांना अडवायला पाचरींशिवाय काहीच नसते.

यावरून ठरणारी योजना सोपी आहे. आधी पुढची जोडी, ती परत येऊन बसली की मागची. फेऱ्या दोन होतील, पण गाडीची दोन चाके सतत जमिनीवर राहतील. छटेची काळजी असेल तर रंगाचा क्रमांक आणि चमक कमी-जास्त किती हे लिहून घ्यावे आणि दोन्ही वेळा त्याच कामगाराकडून काम करून घ्यावे.

याहून सुरक्षित वाट म्हणजे स्टँडची गरजच पडू न देणे. ओळखीच्या टायरवाल्याकडे किंवा सुट्या भागांच्या दुकानात जुनी चाके पडून असतात. अनेक लहान गाड्यांना चार नट असतात आणि त्यांच्या छिद्रांच्या वर्तुळाचा व्यास १०० मिलिमीटर असतो, त्यामुळे एकीचे चाक दुसरीला बसण्याची शक्यता बरी असते. मात्र नटांची छिद्रे जुळली म्हणजे झाले असे नाही. मधले भोक हबवर नीट बसले पाहिजे, आत ब्रेकचा कॅलिपर घासता कामा नये आणि नटांची बैठकही जुळली पाहिजे. अशी चाके लावून गाडी रस्त्यावर काढायची नाही, फक्त उभी ठेवायची. टायर गुळगुळीत झालेला असला तरी चालतो, हवा टिकली म्हणजे पुरे. तीन दिवस शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भरवशावर गाडी सोडायची तर याहून चांगला आधार नाही.

स्वतःची स्टेपनीही एक चाक देते, पण ती आहे का ते आधी डिकी उघडून पाहावे. २०२० साली केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल केला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या छोट्या प्रवासी गाड्यांना स्टेपनी बाळगण्याची सक्ती त्यानंतर राहिली नाही. त्यामुळे काही नव्या गाड्यांत गालिचा उचलल्यावर खाली नुसता हवेचा पंप सापडतो.

जमीन आधी, जॅक नंतर

पनवेलच्या सोसायट्यांत गाडी तीन प्रकारच्या जमिनींवर उभी असते. इमारतीखालच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये काँक्रीट किंवा चौकड्यांच्या पार्किंग टाइल्स, बाहेर मोकळ्या जागेत पेव्हर ब्लॉक आणि जुन्या बैठ्या घरांपुढे माती-मुरूम. यांत सगळ्यात बरे काँक्रीट. पाणी वाहून जावे म्हणून त्यालाही थोडा उतार दिलेला असतो. डोळ्यांना तो दिसत नाही, म्हणून लेव्हलची बाटली ठेवून पाहावी, नाहीतर एखादी गोळी जमिनीवर ठेवावी. गोळी भराभर धावू लागली तर जागा बदलावी. रॅम्पवर हे काम करायचेच नाही.

टाइल्सची खोड म्हणजे त्या कोरड्या असताना बऱ्या वाटतात, पण धूळ किंवा ओल असली की स्टँडचे लोखंडी पाय त्यावर घसरतात. पेव्हर ब्लॉकची खोड त्याहून खोल आहे. ते वाळूच्या थरावर नुसते मांडलेले असतात. पावसाळ्यात खालची वाळू वाहून जाते, वरून फरशी सपाट दिसते आणि खाली पोकळी तयार होते. कळंबोली, कामोठे, नवीन पनवेल भागात बरीच वस्ती सखल, भराव टाकलेल्या जमिनीवर उभी आहे. तिथल्या आवारात एखादा ब्लॉक पायाखाली डुगडुगणे रोजचेच.

वजनाचा हिशेब करून पाहू. रिकामी गाडी ९०० किलोची धरली, तर इंजिन पुढे असल्यामुळे साधारण ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर येते. म्हणजे ५४० किलो, एका बाजूला २७०. स्टँडचे चार पाय धरले तर एका पायावर सुमारे ६७ किलो. हा पाय म्हणजे दोन-तीन बोटांएवढा वळवलेला पत्रा. तेवढ्याशा जागेवर एवढा भार पडला की ब्लॉकची कड खाली दबते, आणि उन्हात तापलेल्या डांबरात तर पाय सरळ रुततो. त्याच स्टँडखाली ३० बाय ३० सेंटिमीटरची जाड प्लायची फळी ठेवली तर २७० किलो ९०० चौरस सेंटिमीटरवर पसरतात आणि प्रत्येक चौरस सेंटिमीटरला ३०० ग्रॅम एवढाच भार येतो. १८ मिलिमीटरचे मरिन प्लाय यासाठी उत्तम. सुताराकडे तुकडे पडलेले असतात.

ट्रॉली जॅकखालीही सलग फळी हवी, पण कारण वेगळे. या जॅकचा हात वर जाताना सरळ उभा जात नाही, कमानीच्या वाटेने जातो. त्यामुळे वाटी उचलता उचलता थोडी मागे येते. जॅकची चाके सुरळीत फिरली तर जॅक स्वतः पुढे सरकून तेवढी भरपाई करतो. पेव्हरच्या फटीत त्याची छोटी लोखंडी चाके अडकली तर मात्र गाडीला खेचले जावे लागते, नाहीतर वाटी तरी निसटते. म्हणून दोन-अडीच फुटांची गुळगुळीत फळी टाकावी आणि उचलताना नजर जॅकच्या चाकांवर ठेवावी. ती फिरत नसतील तर लगेच थांबावे.

स्टँड निवडताना

बाजारात दोन तऱ्हेचे स्टँड मिळतात. एकात मधली दांडी दातेरी असते आणि दाताखाली खिट्टी अडकते. दुसऱ्यात दांडीला भोके असतात आणि आरपार जाड पिन घालायची असते. दातेरी स्टँड वापरायला सोपा, पण खिट्टी दातात पूर्ण बसली की अर्धवट, हे पटकन कळत नाही. ही निव्वळ शंका नाही. अमेरिकेतल्या हार्बर फ्रेट या दुकानसाखळीने २०२० साली आपले ३ टनी आणि ६ टनी स्टँड लाखोंच्या संख्येने परत मागवले. साचे झिजल्यामुळे दात आणि खिट्टी यांची पकड अपुरी राहत होती आणि भार हलला की स्टँड अचानक खाली बसू शकत होता. त्यांच्या बदल्यात दिलेल्या काही स्टँडच्या वेल्डिंगमध्येही दोष निघाला आणि तेही मागवावे लागले.

घरच्या कामाला पिनचा स्टँड जास्त भरवशाचा. पिन आरपार गेली की दिसते, बोटाने चाचपता येते. दातेरी असेल तर गाडी टेकवण्याआधी दांडीवर तळहाताने दोन-तीन दणके द्यावेत आणि खिट्टी दाताच्या तळाशी बसली का ते वाकून पाहावे. कुलूपपिन असलेले दातेरी स्टँडही मिळतात. त्यात खिट्टी सुटली तरी पिन धरून राहते.

वजनाची क्षमता ही मुख्य काळजी नाही. २ टनांचा स्टँडही लहान गाडीला भरपूर होतो. पाहायचे ते तळाची रुंदी, वेल्डिंगच्या रेघेतली सलगता आणि दांडी वाकडी आहे की सरळ. दांडी जितकी कमी बाहेर काढाल तितका स्टँड स्थिर. या कामाला उंची लागतच नाही. टायर जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटर सुटला की चाक निघते.

आता जे वापरू नये त्याचे. पनवेल परिसरात बांधकामांची कमी नाही, त्यामुळे प्रत्येक गेटपाशी सिपोरेक्सचे ठोकळे पडलेले दिसतात. हलके, चौकोनी, हाताला सोयीचे. पण हा ठोकळा भिंतीसाठी, म्हणजे सपाट पसरलेल्या भारासाठी बनवलेला असतो. गाडीच्या पत्र्याची अरुंद कड त्यात सुरीसारखी घुसते आणि तो इशारा न देता फुटतो. विटांचे तेच. जांभ्याचा चिरा दणकट वाटतो, पण दोन चिऱ्यांत फरक असतो आणि आत मऊ गाभा लपलेला असू शकतो. लोखंड आधी वाकते, लाकूड करकरते. दगड-ठोकळे मात्र तुटतात ते एकदमच.

लाकूड वापरायचे तर ते रचायची पद्धत आहे. चार इंची चौकोनी, तडा नसलेले ओंडके घ्यायचे, दोन आडवे, त्यावर दोन उभे, पुन्हा दोन आडवे, असा पिंजरा करायचा. त्याची उंची तळाच्या रुंदीपेक्षा जास्त होऊ द्यायची नाही. मुख्य आधारापेक्षा हा दुसरा, राखीव आधार म्हणून फार उपयोगी पडतो.

गाडी कुठे टेकायची

दाराखाली वाकून पाहिले तर गाडीच्या दोन्ही बाजूंना पत्र्याची उभी कड लांबवर गेलेली दिसते. तिच्यावर पुढच्या चाकाच्या थोडे मागे आणि मागच्या चाकाच्या थोडे पुढे, बोटभर अंतराने दोन-दोन खाचा असतात. त्या दोन खाचांमधला तुकडा आतून मजबूत केलेला असतो. जॅक तिथेच लावायचा. खाच सोडून चार इंच इकडे-तिकडे लावला की कड दुमडते, किंवा वाटी आत शिरून मजल्याचा पत्रा वर उचलला जातो. पनवेलच्या हवेत तर ही कड आधी बोटाने दाबून, टोकरून पाहावी. रंगाखाली गंजाचे पापुद्रे निघाले, स्क्रू ड्रायव्हर आत शिरला, तर त्या जागेवर गाडी टेकायची नाही. आधी पत्र्याचे काम करून घ्यायचे.

आता खरा पेच. जॅकची जागा आणि स्टँडची जागा एकच. जॅकने खाच अडवली तर स्टँड कुठे जाणार? अनेक गाड्यांत पुढच्या बाजूला, दोन्ही चाकांच्या मध्ये, इंजिनाखालच्या जाड आडव्या लोखंडी भागावर ट्रॉली जॅकसाठी जागा ठरवलेली असते. मागेही तशीच. ती कुठे, हे गाडीच्या पुस्तिकेत नाहीतर सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावे, अंदाजाने ठरवू नये. तेलाची टाकी, गिअरबॉक्सचे कवच, रेडिएटरखालची पट्टी आणि प्लास्टिकचे आवरण या जागा वर्ज्य. मधून उचलले की दोन्ही बाजू एकदम वर येतात, दोन्ही खाचा मोकळ्या राहतात आणि दोन्ही स्टँड समान उंचीवर एकाच वेळी सरकवता येतात.

स्टँडच्या वरच्या भागात बहुधा खोबणी असते. पत्र्याची कड तिच्यात घुसून वाकू नये म्हणून मधोमध खाच पाडलेला रबरी ठोकळा ठेवावा. कड खाचेत बसते आणि भार दोन्ही बाजूंच्या जाड पत्र्यावर जातो.

क्रमाने

उजेडी, कोरड्या दिवशी काम काढावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. जमीन कोरडी असते आणि रंगालाही दमट हवा मानवत नाही. सामान गाडीतून उतरवावे, कुणी आत बसू नये.

पुढची जोडी काढायची आहे असे धरू. हँडब्रेक पूर्ण ओढावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी. मागच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून पाचरी ठोकाव्यात. रस्त्यावरचा गोल दगड घरंगळतो, लाकडी किंवा रबरी तिरकी पाचर टायरच्या पोटात घट्ट बसते.

चाके जमिनीवर असतानाच पुढचे नट पाव वळसा ढिले करावेत. यात हयगय नको. अडकलेला नट सोडवताना आपण पान्यावर सगळे अंग टाकतो. त्या सगळ्या कामात गाडीला बसणारा सर्वांत मोठा धक्का हाच, आणि तो गाडी अधांतरी असताना देणे म्हणजे संकटाला आमंत्रण. एखादा लॉक नट असेल तर त्याची चावी आधी शोधून ठेवावी.

मग मधून जॅक लावून हळूहळू उचलावे. दर दोन-चार पंपांनंतर थांबून पाचरी, जॅकची चाके आणि वाटी पाहावी. उंची आली की दोन्ही खाचांखाली फळ्यांवर स्टँड सरकवावेत. हात लांब करून सरकवायचे, खांदा आत घालायचा नाही. या कामासाठी गाडीखाली शिरण्याची वेळच येत नाही आणि येऊ द्यायची नाही. जॅकची झडप केसाएवढी उघडून गाडी स्टँडवर अलगद बसवावी.

आता पारखायची वेळ. बंपरच्या कोपऱ्याला दोन्ही हात लावून गाडी आडवी ढकलावी, आधी बेताने, मग चांगल्या जोराने. हलायची असेल तर ती आत्ता, चाके लावलेली असताना हलू दे. एखादा स्टँड चाळवला, फळी वाकली किंवा ‘कट्’ आवाज आला तर पुन्हा उचलून नीट बसवावे. गाडीचे अंग ताठ असते. लंगड्या खाटेचा एक पाय जसा अधांतरी राहतो, तसा एक स्टँड नुसता टेकलेला आणि सगळा भार दुसऱ्यावर, असे होऊ शकते. प्रत्येक स्टँड हाताने हलवून पाहिला की कळते. भार असलेला स्टँड रेसभरही हलत नाही.

त्यानंतर नट काढून चाक ओढावे. गंजाने रिम हबला चिकटली असेल तर चाकाला लाथा घालू नयेत. नट दोन वळसे ढिले ठेवून, न काढता, गाडी पुन्हा चाकांवर अलगद उतरवावी. तिच्या वजनानेच पकड सुटते. मग परत उचलून स्टँडवर ठेवावी.

चाक निघाल्यावर ब्रेकची डिस्क किंवा ड्रम सैल झालेला दिसेल. अनेक गाड्यांत तो चाकाच्या नटांनीच दाबून धरलेला असतो. दोन नट उलटे-सुलटे कसेही, पण वायसर घालून हाताने बसवून ठेवावेत. या दिवसांत ब्रेकचे पेडल दाबायचे नाही. मागची जोडी काढलेली असताना हँडब्रेकही ओढायचा नाही.

मधले दिवस

जॅक त्याच मधल्या जागेखाली आणून, वाटी जेमतेम टेकेल इतकी वर करून राखीव म्हणून सोडता येतो, पण तीन दिवसांसाठी लाकडी पिंजरा बरा. पुढच्या प्रत्येक खाचेच्या थोडे मागे एक पिंजरा रचून वर बोटभर जागा ठेवावी. स्टँड दगा देऊन गाडी खाली आली तरी बोटभरच येईल. स्टेपनी असेल तर तीही आडवी करून दाराखाली सरकवावी.

गाडी लॉक करून किल्ली घरात न्यावी. घरातल्या सगळ्यांना आणि वॉचमन काकांना सांगून ठेवावे. समोरच्या काचेवर मोठ्या अक्षरांत ‘गाडी स्टँडवर आहे, हात लावू नये’ असा कागद चिकटवावा. गाडी धुणाऱ्याला तोंडी सांगावे, तो कागद वाचत बसत नाही. जमले तर चारी बाजूंना दोरी बांधावी. सकाळ-संध्याकाळ एक चक्कर मारून फळ्या, पाचरी आणि स्टँडचे पाय पाहावेत. सार्वजनिक रस्त्यावर हे काम करायचे नाही. तिथे धक्का कुणाचा बसेल याला धरबंध नाही, आणि चाके नसलेली गाडी दिसली की बाकीची पळवणारेही फिरकतात.

कोटिंगवाल्याला काय सांगायचे

पावडरचा रंग साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला भाजला जातो. लोखंडी रिमला त्याचे काही वाटत नाही. ओतीव अलॉयला मात्र कारखान्यात याहून कमी उष्णतेवर तासन्‌तास ठेवून बळकटी आणलेली असते. ती जास्त उष्णतेत जास्त वेळ, वारंवार गेली तर बळकटी उतरते. म्हणून कमी तापमानावर भाजली जाणारी पावडर मागावी आणि तीच रिम पुन्हा पुन्हा भाजून घेऊ नये. जुना रंग निघाला की तडे दिसतात. तडा निघाला तर त्यावर रंग चढवू नये, रिम बाद करावी.

दुसरी सूचना झाकून ठेवण्याची. रिम हबला टेकते तो सपाट भाग आणि नट बसतात त्या निमुळत्या बैठका उघड्या राहिल्या पाहिजेत. पावडरचा थर जाड असतो. नटाखाली तो आला तर दाबाने हळूहळू पिचतो आणि घट्ट केलेला नट आपोआप ढिला पडतो. रस्त्यात चाक निघून पडण्याची गोष्ट इथून सुरू होते.

टायर चढवताना नवा व्हॉल्व्ह घ्यावा आणि बॅलन्सिंग नव्याने करून घ्यावे. जुनी वजने जुन्या हिशेबाची असतात.

परत जमिनीवर

चाके आली की हबची तोंडे तारेच्या ब्रशने घासून साफ करावीत. चाक चढवून नट आधी बोटांनीच फिरवावेत. बोटांनी फिरत नसेल तर आटा वाकडा धरला आहे, पाना लावून जबरदस्ती करू नये. मग समोरासमोरचे नट आलटून पालटून हलके घट्ट करावेत. पाच नट असतील तर एक सोडून एक.

पिंजरा आणि स्टेपनी बाजूला घ्यावी, जॅकने गाडी किंचित उचलून स्टँड ओढून घ्यावेत आणि ती चाकांवर उतरवावी. शेवटचा जोर आता, जमिनीवर. लहान गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर एवढा लागतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो आणि टॉर्क पाना असला तर तो बरोबर साधतो. एअर गनने ठोकून घट्ट केलेला नट जास्त पक्का असतो हा गैरसमज आहे. त्याने बोल्ट ताणले जातात आणि पुढे पंक्चरच्या वेळी तेच नट हाताने सुटत नाहीत.

पाचरी काढण्याआधी हँडब्रेक ओढलेला आहे का पाहावे. गाडी सुरू करण्याआधी ब्रेकचे पेडल दोन-चार वेळा दाबावे, कारण हाताळणीत पॅड मागे सरकलेले असू शकतात आणि पहिल्या दाबाला पेडल खोल जाते. आवारातच हळू चालवून ब्रेक लागतो याची खात्री करावी.

त्यानंतर ५० ते १०० किलोमीटर झाले की नट पुन्हा त्याच जोराने तपासायचे. नवा रंग, घासलेला हब, सगळे एकमेकांत बसायला तेवढे अंतर लागते. या तपासणीत एकही नट हलला नाही तरच मागची जोडी खोलायची. त्या वेळी हँडब्रेकचा पहारा नसतो, म्हणून गाडी गिअरमध्ये असल्याची दोनदा खात्री करून पुढच्या चाकांच्या पाचरींपासून सुरुवात करायची.